राणीच्या केसांतली लाली

नाण्यांची पारख मी स्वतःच स्वतःला शिकवली, त्यामुळे मास्तर आणि विद्यार्थी एकाच वकुबाचे होते.

बँकेतून निवृत्त झालो आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघून महिन्याभरात तज्ज्ञ झालो. भिंग आणलं. झीज किती, चरे कसले, मूळ चकाकी शिल्लक आहे का, यावरून नाण्याची प्रत ठरते, हे मी भाजीवालीलाही समजावू लागलो. (तिनं मला सुट्टे देणं बंद केलं.)

अशात आगरदांड्याला सासुरवाडीत गेलो, तर देव्हाऱ्यात राणीच्या छापाचा तांब्याचा पाव आणा! सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या आईनं ओटीत घातलेला. तेव्हापासून त्याची रोज पूजा. मी भिंग लावलं. राणीच्या केसांच्या खाचांत लालसर रंग होता. टांकसाळीतून निघालेल्या तांब्याची मूळ लाली! वरचे बारीक चरे साच्याचेच, असा निर्वाळा मी दिला. राणीला नाक नव्हतं, पण छाप हलका पडला की असं होतं, हेही मी व्हिडिओत पाहिलं होतं.

"आजपासून याला कुणी हात लावायचा नाही," मी जाहीर केलं. "पाणी नाही, गंध नाही, फूल नाही."

सासूबाई काहीतरी बोलणार होत्या. मग माझ्याकडे बघून नुसतं "बरं" म्हणाल्या. पाव आणा प्लास्टिकच्या डबीत गेला. पुढचे चार महिने त्या बाकीच्या देवांची पूजा करून डबीला लांबूनच हात जोडत. मी मात्र दर रविवारी बायकोसह मुरूडहून जाऊन तासभर लालीचं दर्शन घ्यायचो आणि फोटो पाठवून नातेवाइकांना पिडायचो.

शेवटी माणगावच्या एका जाणकार व्यापाऱ्याकडून प्रत ठरवून घ्यायचं ठरलं. मी, बायको मीना आणि सासूबाई गाडीनं निघालो. दिघीच्या फेरीबोटीत खाऱ्या वाऱ्यानं तांबं बिघडेल म्हणून मी गाडीच्या काचा उघडू दिल्या नाहीत. भर मे महिन्यात! आम्ही तिघं घामानं निथळलो; पाव आणा तेवढा कोरडा राहिला.

माणगावला त्या शेटनी नाणं कडेनं धरलं (इथवर आमचं एकमत होतं), नीट निरखलं आणि ओला कापूस राणीच्या केसांवरून फिरवला. कापूस लाल झाला.

"कुंकू आहे," ते म्हणाले.

चरे नारळाच्या काथ्याचे निघाले. इतकी वर्षं रोज आमसुलानं घासल्यावर नाकच काय, राणीची मान शाबूत राहिली हेच नवल, असं त्यांचं मत पडलं. प्रत विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलं, की हे देव्हाऱ्यातच ठेवा.

परतताना मी मुकाट्यानं काचा उघडल्या. मला खरंच लाज वाटत होती. माझ्या दीडशहाणपणापायी सासूबाईंना चार महिने आपल्या आईच्या वस्तूला हात लावता आला नव्हता.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच लावत होत्ये ना रोज कुंकू. मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"नोकरी संपल्यापासून तुमचा चेहरा अगदी उतरला होता, जावईबापू. त्या दिवशी पहिल्यांदा खुललेला बघितला. म्हटलं, असू दे. माझी आई काही रागवायची नाही."

मी मीनाला विचारलं, "आणि तुला?"

"पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही डबीपुढे बसलात की मला आईशी तासभर निवांत बोलता यायचं." मग ती आईकडे वळली. "आता रविवारचं काय करायचं? आई, तुझ्या फडताळात तो जुना ढब्बू पैसा आहे ना गं अजून?"

मायलेकी खिडकीबाहेर तोंड करून हसत होत्या. सगळं मला कळत होतं. तरीही गाडी कडेला घेऊन मी विचारलंच, "त्यावर लाली आहे?"