शटरचं दुसरं टोक

त्या सकाळी मी दुकानापुढे काकाजींची वाट बघत उभा होतो. कुलूप काढलं होतं, शटरचं डावं टोक धरलं होतं. उजवं टोक त्यांचं. पण मागच्या खोल्यांतून त्यांच्या चपलांचा आवाज काही येईना. आली ती सुनंदा, त्यांची लेक. म्हणाली, "सलीमभाऊ, बाबा उठून नाही राहिले..."

काकाजी माझे घरमालक. मूळचे नांदगाव खंडेश्वरचे. अमरावतीत घर बांधलं आणि पुढचा गाळा माझ्या अब्बांना गाद्या-रजयांच्या दुकानासाठी भाड्यानं दिला. अब्बांमागे ते दुकान मी चालवतो. आमच्या गादीवर बसल्याशिवाय काकाजींना चहा गोड लागत नसे. गिऱ्हाईक आलं की माझ्याआधी तेच बोलायचे, "घ्या बाप्पा, मी सोता बसूनच राहिलो ना तिच्यावर!"

मग अकोल्याला दिलेली सुनंदा, नवरा वारल्यावर, लेकरांना घेऊन माहेरी आली. कोचिंग क्लासच्या पोरांसाठी मागच्या खोलीत डबे करू लागली. पण ती खोली रस्त्यावरून दिसतच नाही, गिऱ्हाईक येणार कुठून? तिला खानावळीसाठी पुढचा गाळा हवा होता. एक दिवस काकाजी चहा न घेताच बोलले, "सलीम, नोटीस येऊन राहिली तुले. घेऊन घेजो, वापस नोको करू."

"काकाजी, मी कुठं जाऊ?"

"थेच त मले समजून नाही राहिलं."

दावा लागला. मला राग आला, नाही कसा! पण तो धरायचा कोणावर? सुनंदाची गरज खरी होती, आणि माझं घर त्याच गाळ्यावर चालतं हे काकाजींना अब्बांच्या वेळेपासून ठाऊक होतं. कोर्टात माझ्या वकिलानं त्यांना विचारलं, भाडेकरू इतका चांगला आहे तर काढता कशाला? काकाजी म्हणाले, "चांगलाच हाये, साहेब. पण पोरगी माही हाये."

त्यातच शटरची स्प्रिंग तुटली. मी दुरुस्तीला निघालो तर माझा वकील म्हणाला, परवानगीशिवाय हात लावू नका, अंगाशी येईल. काकाजी निघाले तर त्यांचा वकील म्हणाला, भाडेकरूला दुकान दुरुस्त करून देता, मग तुमची गरज कसली? झालं! दोन शहाण्यांच्या मध्ये शटर अडकलं. एकट्याला ते उचलवत नसे. तेव्हापासून रोज सकाळी काकाजी येत, उजवं टोक धरत आणि म्हणत, "हं... दम लाव." ज्याला काढायचं त्याचंच दुकान रोज उघडून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तारखेच्या दिवशीसुद्धा आधी शटर, मग कोर्ट.

काकाजी झोपेतच गेले होते. त्यांची तेरवी होईपर्यंत मी दुकान बंदच ठेवलं. मग गेलो, कुलूप काढलं, डावं टोक धरलं... आणि तसाच उभा राहिलो. शेजारच्याला हाक मारायला जीभ रेटेना. तेवढ्यात सुनंदा बाहेर आली. कणकेचे हात पदराला पुसले आणि उजवं टोक धरलं.

"भाऊ, वकिलानं बाबांच्या जागी माहं नाव टाकलं. केस मी सोडून नाही राहिली... लेकरं हायेत."

"माहीत हाये, ताई."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "हं... दम लावा."

शटर वर गेलं. ती डबे भरायला मागे गेली, मी गाद्या मांडायला आत गेलो.