बाहुलीच्या पानातली तिसरी भाकरी

उमाबाई मूळच्या साताऱ्याच्या, सासर कराडचं. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा पदरात मूल नव्हतं. भावानं पुण्याला ट्रेनिंगला धाडलं आणि तिथून त्या सांगलीला आमच्या शाळेत आल्या. त्यांच्याकडे बालवर्ग, माझ्याकडे दुसरी. माझा वर्ग शेजारीच, त्यामुळे त्यांचं शिकवणं मला ऐकू यायला हवं होतं. ते यायचं नाही, आणि शाळेच्या अध्यक्षांची तक्रार तीच होती.

"वर्ग कसा घुमला पाहिजे, उमाबाई! पोरं आहेत की नाहीत तेच बाहेरून कळत नाही," गोपाळकृष्णपंत म्हणायचे. पंत वकील होते. सरळ माणूस, शाळेसाठी पदरमोड करणारा. पण पाढ्यांवर त्यांची देवासारखी भक्ती.

उमाबाईंचं म्हणणं निराळं. आकडा आधी हाताला कळू दे, तोंडाला मागाहून कळेल. कुंभाराकडून त्यांनी लहानमोठी बोळकी आणली होती. मूल त्यांची उतरंड नीट रचतं का, ते त्या बघत. चिंचोक्यांचा ढीग त्याच्या डोळ्यांदेखत नुसता पसरून ठेवत आणि विचारत, "आता जास्त झाले की तेवढेच?" मूल चुकलं तर ओरडायच्या नाहीत. कुठं अडलं ते बघायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच धरायच्या. सगळ्यांत लाडकी होती बाहुल्यांची पंगत. एकेका बाहुलीला एक पान, पानावर एक द्रोण, आणि मातीच्या वाळवलेल्या भाकऱ्या बाई सांगतील तेवढ्या वाढायच्या. चार-पाच वर्षांची पोरं त्यात इतकी रमत की नाक पुसायचंही विसरत.

शेचाळीस सालच्या परीक्षेच्या आधी उमाबाईंना एकच घोर होता, चंदनबालाचा. हरिपूरच्या वाटेवर मळा असलेल्या जैन घरातली ही पोर. तिची आई आक्काताई फाटकाशी उभी राहून सांगून गेली होती, "बाई, औंदा पयलीत घालत असशीला तर ठिवते. त्येच त्येच खेळायचं असंल तर घरात धाकटं हाय, त्येला खेळवंल."

"पहिलीत जाणारच ती," उमाबाई म्हणाल्या होत्या. पोर तयार होती. तेवढ्या पोरांत तिच्याइतकं समजणारं दुसरं नव्हतं.

बालवर्गाची परीक्षा अध्यक्ष स्वतः घेत. मला मदतीला बसवलं होतं. पहिला आला नारायण, पुजाऱ्यांचा. त्यानं बाराचा पाढा एका दमात म्हटला. पंतांचा चेहरा खुलला.

उमाबाई म्हणाल्या, "नारायण, पाच गजगे आण बरं."

नारायणानं दोन्ही मुठी भरून सागरगोटे आणले आणि पंतांच्या पुढ्यात ओतले.

"पंत, हे बघा ना!"

"आणले की. पाठ आहे, समज येईल मागाहून. पास."

मग चंदनबाला. तिनं पंगत मांडली. एकही बाहुली पानावाचून राहिली नाही, एकही पान द्रोणावाचून राहिलं नाही. पंतांनी कडेच्या बाहुलीकडे बोट केलं. "हिला तीन भाकऱ्या वाढ."

पोरीनं दोन वाढल्या आणि वर बघितलं.

"तीन."

तिनं आणखी दोन वाढल्या. झाल्या चार.

"अगं, तीन म्हटलं ना!"

चंदनबाला घाबरली. तिनं एक भाकरी काढून घेतली, जराशी थांबली, मग हातातल्या भाकरीचा कोपरा मोडून तो तुकडा पानातल्या तीन भाकऱ्यांशेजारी ठेवला.

"झालं! तीन येत नाहीत ते नाहीतच, वर सामान मोडते," पंत म्हणाले.

उमाबाई ताडकन उठल्या. "अहो पंत, तीन येतात म्हणून तर तुकडा घातला! पानात तीन वाढू नयेत, मेलेल्याचं पान होतं, हे तिला घरी शिकवलंय. तुमच्याकडे वाढतात का तीन पोळ्या?"

"माझ्या घरचं कशाला काढता? मीही तिसरीबरोबर तुकडा मागून घेतो. पण ही शाळा आहे, माजघर नव्हे. इथं तीन म्हणजे तीन."

"मग तिला तीन गजगे मागा."

"एकाला एक प्रश्न. तिला दुसरा दिला तर उद्या सगळे पालक माझ्या दारात." आणि त्यांनी शेरा मारला, पुन्हा त्याच वर्गात.

उमाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी वहीत उतरवून घेतलं. शेरा अध्यक्षांचा.

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही दोघी मळ्यावर गेलो. अंगणात हळद वाळत घातली होती. आक्काताईनं बसाही म्हटलं नाही.

"आवं बाई, माज्या पोरीला तीन वाढाया लावलंसा?"

"मी नाही हो, अध्यक्षांनी."

"कुनी का असंना. साळा तुमचीच न्हवं? असलं वंगाळ शिकिवता व्हय पोरास्नी?"

"आक्काताई, तिला तीन येतात. माझी खात्री आहे."

"येत्यात म्हनता आनि नापास बी करता! आमी अडानी मानसं, आमाला तरी नीट सांगा, ह्यातलं खरं काय?"

चंदनबाला धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. हळूच म्हणाली, "म्या तुकडा घातलता, बाई."

"घातलास हो बाळ. बरोबर घातलास."

"बरोबर म्हनं!" आक्काताई हळद हातानं पसरू लागली. "धाकटं चालाया लागलं की बगू म्होरं. लय झाली साळा."

परतीच्या वाटेवर उमाबाई एकसारख्या बोलत होत्या. "एक म्हणतो तीन येत नाहीत. एक म्हणते तीन मागितलेच का. दोघांच्याही घरात तीन वाढत नाहीत! मग भांडण कशाचं? पोरीला येतं का नाही, एवढंच बघायचं होतं ना? ते सोडून सगळं बघितलं."

गणपतीच्या देवळाशी मी नेहमीसारखी वळले. त्या बाहेरच थांबल्या. "तुम्ही या जाऊन. आज मला देवापुढे चांगलं बोलता यायचं नाही."

मी आत गेले, हात जोडले. पोरीसाठी मागितलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या बाईसाठीही.

जूनमध्ये शाळा भरली. चंदनबाला आली नाही. पंतांनी बालवर्गासाठी पाढ्यांचा मोठा तक्ता धाडला, रंगीत, काठीला गुंडाळलेला. उमाबाईंनी तो स्वतःच भिंतीला लावला. खिळा इतक्या जोरानं ठोकला की पलीकडे माझी दुसरीची मुलं लिहिता लिहिता दचकली.