मारामारीत निवडलेली भाषा

माझ्या दोन पोरांनी एकमेकांचं रक्त काढलं ते वेबसाइट कुठल्या भाषेत लिहायची यावरून. लोकांना खरं वाटत नाही. बुऱ्हाणपुरात भाऊ-भाऊ जमिनीवरून भांडतात, बांधावरून भांडतात, एकदा तर म्हशीच्या खुंट्यावरून भांडलेले मी पाहिलेत. पण माझ्या अंगणात, केळीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये, थोरल्याचा ओठ फाटला आणि धाकट्याच्या कानातून रक्त आलं, ते पीएचपी का जावास्क्रिप्ट, एवढ्यासाठी.

मी चौथी शिकलो. पाचवीत मास्तरनं छडी उगारली, मी पाटी फेकून मारली आणि घरी आलो. परत गेलो नाही. पण चाळीस वर्षं केळी कापायच्या टोळ्या चालवतो. आज अकरा टोळ्या आहेत. बाग तयार झाली की शेतकरी माझ्याकडं नंबर लावतो. नंबर आला की टोळीचा मुकादम माणसं घेऊन जातो, घड कापतो, गाडी भरून देतो. तयार घड झाडावर तुमची वाट बघत बसत नाही. चार दिवस उशीर झाला की झाडावरच पिवळा पडतो, मग दिल्लीची गाडी त्याला घेत नाही. म्हणून या पट्ट्यात नंबर म्हणजे खेळ नाही. नंबरावरून कोयते निघालेत. मी लावलेला नंबर मात्र कोणी मोडला नव्हता, बड्या बागाईतदारानंही नाही. लोक म्हणायचे, म्हातारा तोंडानं बोलला म्हणजे झालं. माझी कमाई काय ती हीच.

सगळा हिशेब डोक्यात असायचा. मग वय झालं. चांदनी गावच्या दोन शेतकऱ्यांना मी एकच दिवस देऊन बसलो. दोन टोळ्या एका बांधावर समोरासमोर आल्या, चाळीस माणसं, चाळीस कोयते. मी मध्ये उभा राहिलो म्हणून त्या दिवशी फक्त शिव्या झाल्या. घरी आलो आणि पोरांना म्हटलं, तुम्ही म्हणता ते कॉम्प्युटरवर घ्या आता.

थोरला इंदोरला कंपनीत होता, दोन वर्षांपासून घरी बसून तेच काम करतो. धाकट्याचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे. फॉर्म भरून देतो, शाळांच्या, दुकानांच्या वेबसाइट बनवतो. मी दोघांना अंगणात बसवलं आणि विचारायला लागलो. कोयता घेताना मी पोलादाची चमक बघत नाही. धार गेली तर गावातला लोहार लावून देईल का, ते बघतो. तसंच विचारलं. ही वस्तू मोडली तर इथं दुरुस्त कोण करेल? शेतात रेंज मरते, तिथं साध्या फोनवर उघडेल का? काही बदलायचं झालं तर किती वेळ?

धाकटा म्हणाला, पीएचपी गावात दहा पोरांना येते. पान हलकं राहील, सर्व्हरच तयार करून पाठवेल, जुन्या फोनलाही चालेल. बदल करायचा तर एक ओळ, ती मी फोनवरून पण करीन. थोरला म्हणाला, मी जावास्क्रिप्टमध्ये करीन, वर फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, घालीन. नंबर हलला की सगळ्यांच्या फोनवर आपोआप हलताना दिसेल. दुरुस्त कोण करेल, तर मी. बदल करायचा तर सगळं पुन्हा बांधून सर्व्हरवर चढवावं लागेल, पण ते मिनिटांचं काम, फक्त नेट चांगलं पाहिजे.

तीन सवाल, तिन्हीची उत्तरं धाकट्याकडं. मला तेव्हाच कळलं होतं. हे मी लपवत नाही.

पण तोवर दोघं पेटले. थोरला म्हणाला, "पीएचपी मेली कधीच. मढ्यावर घर बांधतो का?"

"मेली तर मेली, भाऊ. अर्धी दुनिया त्या मढ्याच्या खांद्यावर चालते. तुझी तर दर सहा महिन्यांनी नवा नवरा करते."

"दाखले छापणाऱ्यानं मला शिकवू नये."

एवढ्यावर धाकट्यानं दुकानातून आणलेला कीबोर्ड उचलून त्याच्या तोंडावर मारला. बटणं उडाली, ओठ उभा फाटला. थोरल्यानं त्याला क्रेटांवर पाडलं, छातीवर बसला आणि कान धरून डोकं आपटायला लागला. त्यांची आई ओरडत आली. मी नळाचा रबरी पाइप ओढला आणि दोघांच्या पाठीवर सारखाच चालवला, वळ उठेपर्यंत. चाळिशीकडं आलेली पोरं. मग कुठं सुटले.

त्याच जागी मी निकाल दिला. काम थोरला करेल, त्याच्या भाषेत करेल. धाकट्यानं मोठ्या भावावर आधी हात टाकला होता, आणि माझ्या घरात जो आधी हात टाकतो त्याचं खरं होत नाही. मी वस्तू निवडायला बसलो होतो, शिक्षा देऊन उठलो. धाकट्यानं मोबाईलवर एक कच्चं पान करून आणलेलं होतं, ते मी बघितलंसुद्धा नाही. तो कानावर रुमाल धरून निघून गेला आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

थोरल्यानं मन लावून काम केलं, खोटं नाही बोलणार. मी त्याला एकच अट घातली होती: नंबर हातानं कोणालाच हलवता येऊ नये. तुला नाही, मला नाही. उद्या कोणी तुझ्या पायावर डोकं ठेवेल, कोणी गळ्यावर कोयता ठेवेल, तरी नंबर जागचा हलू नये. त्यानं तसं केलं. मग विचारलं, "आबा, ज्यानं आधी लावला तो आधी. याला काही सूट आहे का?"

मी छाती काढून म्हणालो, "माझ्या नंबराला सूट नसते."

आणि चाललं छान. रोज संध्याकाळी सहाला उद्याची यादी आपोआप मुकादमांच्या फोनवर जायची. पहाटे ते घरूनच सरळ बागेत निघायचे. आधी सगळे माझ्या अंगणात येऊन चहा पिऊन विचारून जायचे, ते बंद झालं. साध्या फोनवर कधीकधी पान पांढरं पडायचं, लोक कुरकुर करायचे. मी म्हणायचो, नवा फोन घ्या.

मग वैशाखात वादळ आलं. दुपारी चारला तापीकडून धूळ उठली आणि अर्ध्या तासात तिनं बागा झोडपून काढल्या. केळीचं झाड आतून पाणीच असतं, त्याला हाड नाही. वारा असा शिरला जसा जमावात घोडा शिरतो. टेकूचे बांबू कडाकडा मोडले, केळीचे खांब कमरेतून तुटले, घडासकट तोंडावर पडले. मी रस्त्यावर उभा राहून ऐकत होतो. दूरवर बागा पडण्याचा आवाज माणसं कापल्यासारखा येतो.

आमच्याकडं एक रीत आहे. वादळ झालं की पडलेली बाग आधी कापायची, मग तिचा नंबर शेवटचा का असेना. उभ्या बागेवाला हूं का चूं करत नाही. पडलेला घड उन्हात दोन दिवसांत काळा पडतो, आणि उद्या आपलीही बाग पडू शकते, हे प्रत्येकाला माहीत असतं. ही रीत मी थोरल्याला सांगितली नव्हती. ही सूट आहे असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. माणूस बुडत असेल तर त्याला आधी ओढायचं, हे काय सांगायचं असतं? आणि तो इंदोरला असताना इकडं दोन वादळं होऊन गेली होती. जे त्यानं लहानपणी पाहिलं होतं, ते तो विसरून गेला होता.

पाच वाजता मी त्याला म्हटलं, पडलेल्या बागा वर घे. त्याचा चेहरा उतरला. हातानं नंबर हलत नव्हता, ती माझीच अट. नियम बदलायला सगळं पुन्हा बांधायला पाहिजे, आणि त्याचा लॅपटॉप नवा, तो त्यासाठी लागणारे तयार तुकडे, लायब्रऱ्या म्हणतात त्या, आधी नेटवरून मागत होता. गावात लाइट नाही, रेंजची एक काडी यायची आणि जायची. तो घामानं भिजून बसला. सहा वाजले. दूरच्या सर्व्हरला आमच्या वादळाचं काय? सर्व्हरनं जुनीच यादी पाठवून दिली, आणि जिथं जिथं एक काडी होती तिथं ती पोचली. फोन करून तीन मुकादम सापडले, आठ नाही. रस्त्यात झाडं आडवी. पहाटे मी सवयीनं अंगणात उभा राहिलो. कोणी विचारायला आलं नाही.

आठ टोळ्या उभ्या बागांत गेल्या.

नऊ वाजता दापोरा गावचे लोक आले, दहा-बारा. पुढं माझ्याच वयाचा एक जण. मी ठेका धरला तेव्हा पहिली बाग त्याचीच कापली होती. त्याच्या हातात टेकूचा बांबू होता, मोडलेला, टोकाला फाकलेला. तो ओरडला नाही. म्हणाला, "माझी सगळी बाग आडवी आहे, आणि तुझी टोळी तुकईथडला उभी बाग कापते. कोणी लावला हा नंबर?"

मागं थोरला उभा, समोर एवढे लोक. माझ्या तोंडून निघालं, "मशीननं."

बांबू माझ्या खांद्यावर बसला. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. मी खाली वाकलो आणि वर आलो तो कोयता घेऊनच आलो. उलटी बाजू होती, देवाची कृपा. त्याच्या भुवईवर बसला आणि त्याचा डोळा रक्तानं भरून गेला. मग कोण कोणाला मारतंय काही समजेना. थोरल्याचा लॅपटॉप पायाखाली गेला. थोरल्याला चौघांनी धरून भिंतीवर आपटलं. दुसरा बांबू माझ्या डोक्यावर येत होता, तो कोणीतरी हातावर घेतला. बघतो तर धाकटा. दुकानातून कधी धावत आला कळलं नाही. मनगट लटकत होतं आणि तो दापोऱ्याच्या म्हाताऱ्याला म्हणत होता, "काका, मला मारा. म्हातारं मरून जाईल."

काका म्हटल्यावर त्यानं बांबू टाकला.

दवाखान्यात आम्ही तिघं एका बाकावर बसलो. धाकट्याच्या हाताला प्लास्टर, माझ्या गळ्यात झोळी, थोरल्याच्या डोक्याला आठ टाके. धाकट्यानं डाव्या हातानं मोबाईल काढला आणि ते जुनं कच्चं पान माझ्यापुढं धरलं. वरच पहिला सवाल लिहिला होता: बाग उभी आहे का पडली? पडली म्हटलं की नंबर वर. मी पाहिलं. त्यानं मोबाईल तसाच धरून ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धाकट्याचा उजवा हात प्लास्टरात, म्हणून दुकानात बसून तो सांगत गेला आणि थोरला टाइप करत गेला, मढं म्हटलेल्या त्याच पीएचपीत. तीन दिवस. मध्ये थोरला एकदा म्हणाला, ही ओळ भिकार आहे. धाकटा म्हणाला, "भिकार आहे, पण जागी राहते. लिही." थोरल्यानं लिहिली.

चौथ्या दिवशी मी सगळ्या मुकादमांना आणि बागाईतदारांना अंगणात बोलावलं. दापोऱ्याचा आला, भुवईला पट्टी, दारातच उभा राहिला, बसला नाही. माझ्या बायकोनं आधीच सांगितलं होतं, जास्त बोलू नका. मी उभं राहून म्हणालो, "त्या दिवशी नंबर मशीननं लावला नव्हता, मी लावला होता. कामाची वस्तू कोणती हे मला ठाऊक होतं. पोरांच्या भांडणात मी दुसरी घेतली. यात पोरांची चूक नाही." एवढं बोलायला मला पाटीभर दगड उचलल्यासारखं झालं. आयुष्यात अशी वाक्यं मी दुसऱ्यांकडून वदवून घेतली होती.

कोणीतरी विचारलं, आता नंबर कोण लावेल. मी म्हटलं, मीच लावीन, मशीन हिशेब ठेवेल, आणि मुकादम पहाटे पुन्हा इथं येऊन विचारून जातील. ज्याला पटत नाही त्यानं दुसरा ठेकेदार बघावा, माझे पाय कोणी धरू नयेत आणि मी कोणाचे धरणार नाही. बहुतेक बसून राहिले. दापोऱ्याच्या म्हाताऱ्यानं मला पट्टीखालच्या एका डोळ्यानं भरून बघितलं, म्हणाला, "ऐकलं," आणि चालता झाला.

त्याची बाग आता दुसऱ्याची टोळी कापते. मी निरोप पाठवला नाही, त्यानंही नाही. दापोऱ्याच्या रस्त्यानं जाताना ड्रायव्हर त्याच्या बांधाजवळ गाडी जोरात काढायला बघतो. मी त्याला हळू घ्यायला लावतो आणि माझ्या बाजूची काच खाली करतो. दगड मारायचा असेल तर त्याला नेम धरता आला पाहिजे.