शिलाईत जाणारं कापड

स्टँडजवळच्या गाळ्यात मी आता तीन मशिनी टाकून बसते. ईट गावात कुणालाही विचारा, ब्लाउज शिवायचा तर अक्काकडंच, असं सांगतील. गाळा मी कसा मिळवला हेही सांगतील: भांडून. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी आजवर एकाच बाईला सांगितलंय, तेही फोनवर.

शिलाई मी तेर गावी शिकले. नवऱ्यानं सोडल्यावर भावाकडं राहत होते आणि एका मास्तरच्या दुकानात हूक लावायची, तुरपाई करायची. चार वर्षं तेच. कापायची वेळ आली की मास्तर म्हणायचा, "जा गं, चहा सांगून ये." मी परत येईपर्यंत ब्लाउजचे सगळे भाग कापून, गुंडाळून ठेवलेले असायचे. कातरी ज्याच्या हातात तो मालक आणि बाकीचे मजूर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग मी खाली पडलेल्या चिंध्या पदरात बांधून घरी न्यायला लागले. वर्तमानपत्रावर त्या मांडायच्या आणि मधे जे कापून गेलं त्याचा आकार ओळखायचा. गळा आणि बाही जोडायचा मुंढा मी असा शिकले, चोरून. मास्तर वारला तेव्हा मी तेरमध्येच होते. त्याच्या दारावरून गेले, पण आत गेले नाही. आजही मला त्याचं काही वाटत नाही.

ईटला येऊन घरातच दुकान थाटलं. ग्रामपंचायतीच्या गाळ्यासाठी अर्ज करून करून चपला झिजल्या. सरपंच बदलले, उत्तर बदललं नाही: "बघू अक्का."

अशात माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये परमुलखातल्या काही बायका राहायला आल्या. त्यांचे नवरे पवनचक्कीच्या कामावर होते, ईशान्येकडच्या डोंगरातले. मागं त्यांच्या गावात दंगल झाली, घरं जाळली. बायका-पोरं काही महिने छावणीत राहिली आणि मग नवऱ्यांच्या मागं इकडं आली. सात जणी होत्या. महिला मंडळाच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्याकडं आल्या.

"त्यांना शिलाई शिकवा. मशिनी मंडळ देईल, वर्ग समाजमंदिरात भरवू."

"आन् मला काय?"

"पुण्य," बाई हसून म्हणाल्या.

"पुण्यानं दोरा येतो का बाई? लग्नसराईत माझ्याकडं काम मावत न्हाई. शिकल्या की माझे ब्लाउज आधी शिवतील, मग दुसऱ्याचे. कबूल असंल तर बोला."

बाईंनी कबूल केलं.

सात जणींतली सगळ्यात मोठी पस्तिशीची असेल. हिंदी तिला येत होतीच, मराठीही तिनं सगळ्यांच्या आधी उचलली. मी बोलेन ते ती बाकीच्यांना सांगायची. एकीला ताप आला की तिच्या वाट्याचं काम बाकीच्या न बोलता वाटून घ्यायच्या. एकीचं पोर दुसरीच्या पाठीला बांधलेलं असायचं, कुणाचं कुठलं ते मला कधी कळलं नाही. माझ्या चार वर्षांत मला असं कुणी मिळालं असतं तर, असं मनात यायचं, आणि त्याचाच राग यायचा.

त्या बाया मूळच्या मागावर कापड विणणाऱ्या. मोठीनं एकदा तिचं कापड दाखवलं. काळं, काठाला लाल नक्षी. आईनं विणलेलं. घर पेटलं तेव्हा अंगावर होतं म्हणून वाचलं.

"आमच्याकडे कापड कापत नाही, दीदी," ती म्हणाली. "जेवढं पाहिजे, तेवढंच विणायचं. मग नेसायचं."

खरंच, कातरी हातात दिली की तिची बोटं आखडायची. मला ते सोयीचं वाटलं. "तुम्ही नुसतं शिवा, कापायचं माझ्यावर सोडा," मी म्हटलं. रोज सकाळी घरी कापायची आणि गुंडाळ्या पिशवीत घालून वर्गात न्यायची. मी कुणाला चहा सांगायला पाठवलं नाही, एवढाच काय तो फरक.

"दीदी, कापायचं कधी शिकवणार?"

"कापड फुकट येतं व्हय? बिघडवलंस तर गिऱ्हाईक माझ्या नरड्याला लागंल. आधी शिलाई सरळ येऊ दे."

शिलाई तिची माझ्यापेक्षा सरळ होती.

पुढं कळलं की पवनचक्कीचं काम संपत आलंय. काम संपलं की शेड मोडणार, आणि ही माणसं ठेकेदार नेईल तिथं जाणार. बाईंनी ग्रामपंचायतीत खटपट केली. सात जणींना स्टँडजवळचा गाळा द्यायचं ठरलं, म्हणजे त्या गावात टिकतील. अट एवढीच, की सदस्यांसमोर त्यांनी कापण्यापासून हुकापर्यंत बाईंच्या मापाचा एक ब्लाउज कुणाच्याही मदतीशिवाय करून दाखवायचा.

बाईंनी हे भर वर्गात सांगितलं आणि माझं डोकं फिरलं.

"मी इतकी वर्षं मागते तर 'बघू', आन् काल आलेल्यांना गाळा?"

"अक्का, तुम्हाला घर तरी आहे. यांचं जळलंय."

"माझं काय जळलं न्हाई हे तुमाला काय ठावं!" टेप टेबलावर आपटून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मोठी माझ्या दारात उभी. "दीदी, राग नको. गाळा मिळाला तर तू पण बस ना आमच्यात. आठ जणी होऊ." मी सुईत दोरा ओवत राहिले. मग खाली मान घालून ती म्हणाली, "फक्त एकदा कापायचं दाखव."

मी दाखवलं नाही. बाईंच्या मापाचा कागद मात्र कापून दिला. "ह्याच्या कडंकडंनं काप, झालं."

तो कागद नेमक्या मापाचा होता. शिलाईत जाणारं कापड मी त्यात धरलं नव्हतं. ते कापडावर आखताना जादा सोडायचं असतं. बरेच जण कागद तसाच ठेवतात, त्यामुळं मी खोटं काही दिलं नव्हतं. जादा सोड, एवढं सांगितलं नव्हतं. तयार गुंडाळ्या शिवणाऱ्या बाईला ते कळायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी समाजमंदिरात सदस्य खुर्च्यांवर आणि बायका सतरंजीवर बसल्या होत्या. बाईंनी नवा ब्लाउजपीस पुढं केला. मोठीनं तो बाजूला ठेवला आणि पिशवीतून तिचं ते काळं कापड काढलं.

"दुसऱ्याचं बिघडलं तर?" ती म्हणाली. "हे माझं आहे."

तिनं कापड टेबलावर पसरलं, माझा कागद ठेवला, चॉकनं आखलं. कडेला अगदी चिकटून. मी चार हातांवर होते. 'थांब, पाऊण इंच सोड' एवढंच म्हणायचं होतं. तिनं कातरी उचलली आणि माझ्याकडं पाहिलं, बरोबर आहे ना म्हणून.

मी मान हलवली.

ब्लाउज देखणा झाला, पण बाईंच्या दंडावर चढेना. उसवून सैल करायला आत कापडच नव्हतं. सदस्यांतला एक जण हसला, "शिवणारीला शोभंल, घालणारीला न्हाई." मोठी म्हणाली, "माझा हात चुकला." बाकीच्या सहा जणी लगेच त्याच कापडाच्या चिंध्या वेचून बगलेत पट्ट्या जोडायला बसल्या. मला तिथं बसवेना. पट्ट्या लागून ब्लाउज अंगाला बसलाही, पण तोवर सदस्य उठून गेले होते. गाळा शिलाईतल्या कुणातरी जाणत्या माणसाच्या नावावर असावा, असं उठताना त्यांनी ठरवलं होतं. जाणती गावात मी एकच, गाळा माझ्या नावावर झाला.

शेड मोडली तेव्हा पाच जणी गेल्या, त्यांत मोठीही. जाताना तिनं माझ्यासाठी त्या चिंध्यांची टाचण्या खोचायची गादी शिवून आणली. मागं राहिलेल्या दोघी माझ्या गाळ्यात बसतात. त्यांना मी पहिल्या आठवड्यातच कातरी दिली. त्यानं काही फिटत नाही. टाचणी घ्यायला हात जातो तिथं ते लाल काठाचं कापड असतं.

गेल्या महिन्यात मी त्या दोघींकडून नंबर घेतला आणि मोठीला फोन लावला. ती आता दुसऱ्या जिल्ह्यात, अशाच एका शेडमध्ये आहे. मी सगळं सांगितलं. कागद, पाऊण इंच, मान हलवलेली. मास्तरचंही सांगायला लागले, पण मधेच थांबले. ते सांगणं म्हणजे पुन्हा घासाघीस करण्यासारखं होतं.

पलीकडं ती तिच्या भाषेत कुणाला तरी काही बोलली आणि कागद पसरल्याचा आवाज आला.

"सांगा," ती म्हणाली. दीदी म्हणाली नाही. "मुंढ्याला किती सोडायचं? मी लिहिते."

मी सांगत गेले. ती एकेक आकडा परत विचारून घेत होती, मी बरोबर सांगतेय की नाही ते पाहत.