सरोदे मॅडमची नजर

सरोदे मॅडमवर लिहा, असं मला अनेकांनी सांगितलं. दर वेळी मी मोतीबिंदूचं निमित्त पुढे केलं. मोतीबिंदू केव्हाच काढून झाला. खरं कारण असं, की त्यांच्याविषयी लिहायचं तर माझ्याविषयीही लिहावं लागलं असतं.

मॅडम हृदयरोगतज्ज्ञ. निवृत्तीनंतर सदाशिव पेठेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये दर गुरुवारी दुपारी, पेठेतले दवाखाने बंद असतात त्या वेळात, आम्हा फॅमिली डॉक्टरांना ईसीजी वाचायला शिकवत. आम्ही बहुतेक साठीच्या पुढचे. तापा-खोकल्यात आमचा हात कुणी धरू शकलं नसतं. पण ईसीजीचा कागद समोर आला की आम्ही वर यंत्रानं छापलेलं निदान वाचायचो आणि तेच आपलं म्हणून सांगायचो. म्हणून मॅडम प्रत्येक कागदाची वरची पट्टी मागे दुमडून ठेवत. म्हणायच्या, "यंत्राचं मत नंतर विचारू. ते काही रागावत नाही."

मग एकेकानं वाचायचं. "चुकीचं वाचा, पण मोठ्यानं वाचा. पुटपुटलेली चूक मला दुरुस्त करता येत नाही." कुणी 'बहुतेक झटका असावा' म्हटलं, की त्या चष्म्यावरून बघत. "बहुतेक नावाची गोळी ठेवता का हो दवाखान्यात?" जो चुकेल त्याला चहा आधी, असा नियम होता. मला बरेच महिने चहा अगदी गरम मिळाला.

एके सकाळी माझ्या नारायण पेठेतल्या दवाखान्यात एका छापखान्याचे मालक छातीत जळजळतंय म्हणत आले. ईसीजी मीच काढला. पहिल्याच ओळीतल्या लाटा उलट्या. यंत्रानं छापलं, झटका. मी फोटो मॅडमना पाठवला. लगेच उत्तर आलं: "हातांच्या तारा उलट लागल्यात. नीट लावून पुन्हा काढा." उजव्या हाताची तार मी डाव्या हाताला लावली होती. पण घरची माणसं समोर उभी; पुन्हा काढायचा म्हणजे आपण चुकलो हे त्यांच्यादेखत कबूल करायचं. मी मालकांना तसंच रुग्णालयात धाडलं. बिचारे अतिदक्षता विभागात जीव मुठीत धरून पडून राहिले आणि ठणठणीत हृदय घेऊन परत आले. मुलगा जाब विचारायला आला, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "मी सरोदे मॅडमना दाखवला होता. त्यांनीच झटका म्हणून सांगितलं."

पेठेत अशा गोष्टीला पाय फुटत नाहीत, पंख फुटतात. मॅडमना आता नीट दिसत नाही, असं जो तो बोलू लागला. पुढच्या गुरुवारी आम्ही चौघेच. त्यांनी नेहमीसारखे कागद वाटले. निघताना मला जिन्यात थांबवलं. मी शब्द जुळवत होतो, तोवर त्याच बोलल्या.

"दातार, मी कुणाला काही सांगणार नाहीये. तुमचं नाव खराब झालं तर तुम्ही ईसीजीला हात लावणंच सोडाल. तुमच्याकडे अजून पेशंट यायचेत; मी आपली निवृत्त बाई. तारा तेवढ्या दोनदा बघत जा. आणि पुढच्या गुरुवारी या."

मी गेलो. सुटलो म्हणून खुशीत गेलो. वर्ग हळूहळू पुन्हा भरला, पोस्ट ग्रॅज्युएशन करणारी तरुण मंडळीही येऊ लागली, आणि ती वर्षं खरोखर सुखाची गेली. पुढे एका रिक्षावाल्याचा खराखुरा झटका मी कागद बघताक्षणी ओळखला, कुणालाही न विचारता. तो अजून रिक्षा चालवतो. मला बघून हात करतो. थांबत मात्र नाही.

मॅडम अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी मनाशी वाक्य पक्कं करून भेटायला गेलो. त्यांनी मुलीला माझी ओळख करून दिली, "हे दातार. पेठेत यांच्याइतक्या खात्रीनं ईसीजी कुणी वाचत नाही." मुलगी मला बाहेर सोडायला आली. दाराशी तिनं हळूच विचारलं, "काका, आईची नजर मधे कमी झाली होती म्हणतात, ते खरं का?"

मी म्हणालो, "वय झालं की व्हायचंच." आणि जिना उतरलो.

त्यानंतर मॅडम फार दिवस राहिल्या नाहीत. मनाशी पक्कं केलेलं वाक्य साधंच होतं. मॅडम, तुम्ही बरोबर वाचलं होतं. तारा मी उलट लावल्या आणि नाव तुमचं घेतलं, मला माफ करा.