भाटेकाकांचा अमेरिकन ट्रॉम्बोन

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या घरी कोणीही आलं की भाटेकाका चहाच्या आधी ट्रॉम्बोन आणायचे. ते लांबलचक पितळी वाद्य उभं धरायचे, त्याची सरकती नळी हातातून सोडायचे आणि ती जमिनीला टेकणार तोच झेलायचे. "खरखर ऐकू आली? नाही ना! साठ वर्षांची आहे ही. काय कारागीर असतील अमेरिकेतले!" पुण्याहून आलेले हे निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर तेव्हा दहा वर्षांचे दिसत.

पूर्वी इथल्या अमेरिकन छावणीतल्या कुणा बँडवाल्याने मागे ठेवलेला तो ट्रॉम्बोन काकांना जुन्या बाजारात, फ्लोमार्क्टमध्ये, मिळाला होता. घरात एक जर्मन ट्रॉम्बोनही होता. "जर्मन ट्रॉम्बोन भाषण देतो, हा गप्पा मारतो. पत्रा पातळ आहे ना! ऐक!" असं म्हणून फुंकायचेच. आज काका नाहीत, पण तो मोकळा, हसरा आवाज माझ्या कानात आहे.

दोन हजार चौदामध्ये त्यांनी लहान घर घ्यायचं ठरवलं. सामानाच्या याद्या, शेजारीण म्हणून, अर्थातच मी केल्या. काकूंची अट स्पष्ट होती: "नव्या घरात एकच भोंगा." जर्मनला गिऱ्हाईक मिळेना, अमेरिकनसाठी मात्र येना शहरातले एक जुन्या वाद्यांचे संग्राहक शनिवारी येणार होते. काका हो म्हणाले खरे, पण त्या आठवड्यात त्यांनी कुणालाच नळी सोडून दाखवली नाही.

रंगकाम निघालं म्हणून ट्रॉम्बोन माझ्याकडे आला. दसरा नेमका शुक्रवारी, तीन ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीला होता. मी समई, घंटा, तांब्या चिंच-मिठाने घासले. ट्रॉम्बोनही पूजेत मांडू म्हटलं, आणि त्याच्यावरचे तपकिरी पापुद्रेही खसाखसा काढले. पितळ लखलखलं! लगेच काकांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "आलोच."

धापा टाकतच आले. "अगं शुभा, काय केलंस हे?"

"घासला."

"गेनाऊ! अगदी बरोबर, घासलास! अगं, तो मळ नव्हता. कारखान्यातलं मूळ लॅकर होतं, वार्निशाचा थर. तो माणूस त्याच्यासाठीच येतोय!"

काकांनी ट्रॉम्बोन ओठांना लावला. आवाज तसाच, जराही न बदललेला. तो खाली ठेवत ते म्हणाले, "उद्या तूही ये."

शनिवारी येनाच्या गृहस्थांनी वाद्य भिंगातून इंचाइंचाने पाहिलं. "शाडे," ते हळहळले. "वाजवणाऱ्याला चालेल. माझ्या कपाटाला नाही." मी माफी मागितली. ते हात मिळवून स्टेशनकडे निघून गेले.

आतून काकूंनी विचारलं, "अहो, नेला का?"

"कसला नेतोय! सगळं लॅकर गेलं. आता हा आपल्याच गळ्यात. जर्मनच काढावा लागणार, मिळेल त्या किमतीला!" काकांचा आवाज पार खचलेला होता. मग माझ्या कानाशी वाकून ते कुजबुजले, "शुभा, तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. आता तोंड पाड बघू. ती बाहेर येतेय."