शिगेनोची डावी सुरी

"माझी सुरी कुठं हाय? फोटू काढून बुधवारी देतो म्हणला व्हतास. आज रविवार उजाडला. दाल्ल्याच्या सुरीनं कोंब सोलतीया, सगळं वाकडं निघतंय."

"आणलीय की, काकी. जरा हळू बोल. परदेशी पाव्हणे मागंच हायेत. टोकियोची बोली थोडी कळती त्यास्नी, तसं बोल जरा."

"म्या तोंड बदलू व्हय? त्यास्नी म्हण, कान बदला."

मी शिगेनोच्या शेजारी सतरा वर्षं रताळ्याची भजी तळते. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर दर रविवारी आमचा बाजार भरतो. शिगेनो डोंगरातल्या गावातनं बांबूचे कोंब घेऊन येते, गिऱ्हाइकासमोर सोलून फोडी करून देते. तिचा पुतण्या युकिहिरो शहरातल्या एका मंडळात नोकरीला. परगावचे लोक आले की त्यांनी मजा कुठं आणि कशी मारायची, हे ठरवायचं काम. त्यानं पत्रक छापलं होतं. सकाळी बाजार, दुपारी पेंढ्याच्या जाळावर शेकलेला मासा, संध्याकाळी कंदिलांच्या गल्लीत दारू आणि हरेल त्यानं प्यायची असा बोटांचा खेळ. सकाळच्या चौकटीत शिगेनोचा जुना फोटो, हातात सुरी, खाली 'हसतमुख आजी'. सतरा वर्षांत मी तिला दोनदा हसताना बघितलं. दोन्ही वेळा कुणीतरी घसरून पडलं होतं.

ती सुरी मात्र खरंच बघण्यासारखी होती. शिगेनो डावरी. लहानपणी मारून मारून तिला उजव्या हातानं लिहायला आणि जेवायला लावलं, पण सुरी धरायची म्हटली की डावाच हात पुढं यायचा. नवरा कानेमात्सु लोहार. त्याच्या सुऱ्यांच्या धारेला उजव्या बाजूनं उतार, डावी बाजू सपाट. तिच्या हातात त्या भरकटायच्या, आणि तो तीस वर्षं तिच्या हाताला शिव्या घालत राहिला. शेवटी एकदा तिनं त्याची चांगली सुरी बिघडवली. त्या रागात त्यानं डाव्या बाजूनं उतार असलेली एक सुरी ठोकली आणि तिच्या पायाशी फेकली. "आता माझ्या मालाला शिवू नगंस." पुढच्या हिवाळ्यात तो मेला, भट्टी विझली. आता तशी सुरी घडवणारा गावात कोणी उरला नाही.

युकिहिरोनं सुरीभोवतीचं फडकं सोडलं. सुरी आरशासारखी चमकत होती. त्याच्यामागं जहाजातनं उतरलेले आठ-दहा जण, हातात पत्रकं. त्यातला एक उंच गडी सुरीकडं बोट दाखवून काहीतरी बोलला.

"विकत मागतोय, काकी. सांगशील ती किंमत देतो म्हणतोय."

"काय कापणार हाय?"

युकिहिरोनं विचारलं. "भिंतीवर लावणार म्हणतोय."

"भिंत कापून खातोय व्हय ह्यो?"

लोक हसले. त्यांना काय कळलं देव जाणे. शिगेनोनं एक जाड कोंब घेतला, डाव्या हातानं सुरी लावली. सुरी अर्ध्यात वळली आणि अंगठ्याजवळनं बाहेर आली. तिनं दुसरा कोंब घेतला. तोही तसाच. मग तिनं सुरी डोळ्यासमोर आडवी धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

"धार कुणी लावली?"

"धारवाल्या तामोत्सुनं. बोथट होती, पाव्हण्यांपुढं कशी दाखवायची? माझ्या पदरचं पैसं घातलं."

"उजवीकडनं लावलीया."

"धार उजवीकडनंच लावत्यात की."

तामोत्सुनं सुरीकडं बघितलंसुद्धा नसणार. चाळीस वर्षं त्याचा हात त्याच बाजूनं चालतोय. सपाट बाजूला उतार पडला, आणि सुरी आता ना डावी राहिली ना उजवी.

युकिहिरोनं मागं पाहुण्यांकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मग इकून टाक की, काकी. तुझ्या कामाची न्हाई राह्यली. भिंतीवर कुणाला कळतंय?"

शिगेनोनं टोपल्याखालचा धारेचा दगड काढला, पाणी शिंपडलं आणि दगड त्याच्या पायाशी ठेवला.

"बस. उजवी बाजू सपाट हुईस्तवर घास."

"पाव्हणं खोळंबल्यात."

"खोळंबू देत. न्हाईतर म्या त्यास्नी काय बोलतीया ते त्येंच्या भाषेत सांग. एक शबुद गाळायचा न्हाई."

तो बसला. टाय दगडावरच्या पाण्यात लोंबत होता. वीस-पंचवीस हात मारले असतील. लोकांनी फोटो काढले. उंच गडी वाकून काही म्हणाला.

"त्याला पण घासून बघायचंय, काकी."

"न्हाई."

मग युकिहिरोनं घड्याळ बघितलं, सुरी दगडावर ठेवली आणि उठला. "जहाज गेलं की येतो. इमानानं येतो." सगळे माशाच्या वासानं पुढं सरकले. उंच गड्यानं जाता जाता माझं एक भजं घेतलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं कुठं टाकायचं ते खुणेनं मलाच विचारलं. मी हात पुढं केला नाही.

"महिना लागंल घासायला," मी म्हटलं. "आन पातं बोटभर झिजंल."

"ठावं हाय."

तिनं सुरी फडक्यात गुंडाळली. पत्रक फाडून ओल्या सालांखाली घातलं. नवऱ्याची सुरी डाव्या हातात घेतली आणि कोंब सोलायला लागली. तेवढ्यात शहरातली एक नेहमीची बाई आली आणि फोडी उलटसुलट करून बघायला लागली.

"आज वाकड्या का गं?"

"वाकड्याच हायेत. घ्यायच्या तर घे. मागं रांग लागलीया."

मागं कोणी नव्हतं. बाईनं अर्धा किलो घेतला, आणि शिगेनोनं पुढचा कोंब उचलला.